करविरोधी आंदोलनाची थट्टा कशी करावी: ‘टी पार्टी’वर प्रहसन लिहू पाहणाऱ्या नवोदितांसाठी

अमेरिकेत २००९ साली उभ्या राहिलेल्या ‘टी पार्टी’ या करविरोधी आंदोलनावर भरपूर विनोद झाले, आणि माझ्या मते त्यातले बहुतेक फुकट गेले. आंदोलकांच्या टोप्या, त्यांच्या फलकांवरचे अशुद्ध इंग्रजी, त्यांचे वय, त्यांचे उच्चार यांवर दीड वर्ष देश हसत राहिला आणि नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत त्याच आंदोलनाच्या पाठबळावर रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहात ६३ जागा जास्तीच्या मिळवल्या. विनोदाने निवडणूक जिंकता येते असे माझे म्हणणे नाही. पण जो विनोद आंदोलनाच्या मागणीला हातच लावत नाही, तो आंदोलकाला दुखावतो आणि मागणीला मोकळे सोडतो. मी अमेरिकेतील मराठी मंडळांसाठी छोटी प्रहसने लिहितो, आणि या विषयावर लिहू पाहणाऱ्या नव्या मंडळींना तालमीत जे सांगतो, ते येथे क्रमाने मांडत आहे. प्रहसन, एकपात्री, व्यंगचित्र किंवा रस्त्यावर धरायचा साधा फलक, यांपैकी काहीही करायचे असले तरी पायऱ्या त्याच आहेत.

पहिली पायरी: राग कशाचा आहे ते आधी समजून घ्या

पेन हातात घेण्यापूर्वी दोन तारखा पाठ कराव्यात. पहिली १६ डिसेंबर १७७३. त्या रात्री बोस्टनच्या बंदरात डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवर चढून वसाहतवाल्यांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात रिकाम्या केल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. मराठी प्रेक्षकांसमोर प्रयोग असेल, तर येथे एक धागा आपोआप हाती येतो. ज्या वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरातली ही घटना आहे, आणि पुढे सव्वा वर्षाने रघुनाथरावांनी ज्या कंपनीच्या मुंबईकरांशी सुरतेचा तह केला, तीच ही कंपनी. प्रेक्षकाला कंपनी ओळखीची झाली की बोस्टन परके राहत नाही.

नवख्या लेखकाची येथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘चहावरचा कर वाढवला म्हणून लोक चिडले’ असे लिहून मोकळे होणे. वस्तुस्थिती त्याहून गुंतागुंतीची आणि लेखकाच्या कामाची आहे. १७७३ च्या कायद्याने चहा महाग झाला नाही, उलट स्वस्त झाला. कंपनीचा लंडनमधल्या गोदामांत पडून राहिलेला माल खपावा म्हणून तिला जकातीचा परतावा आणि वसाहतींत थेट विक्रीची मुभा मिळाली, आणि पौंडामागे तीन पेन्सांचा जुना कर तेवढा कायम राहिला. ज्या संसदेत आपला एकही माणूस बसत नाही, तिला कर लावण्याचा अधिकार नाही, ही तक्रार तर होतीच. शिवाय बुडत्या कंपनीला सरकारने वर काढले आणि स्थानिक व्यापाऱ्यांना वाऱ्यावर सोडले, असाही तो राग होता.

दुसरी तारीख १९ फेब्रुवारी २००९. सीएनबीसी वाहिनीचे रिक सँटेली शिकागोच्या वायदेबाजारात उभे राहून थेट प्रक्षेपणात बोलत होते. आदल्या दिवशी ओबामा सरकारने घरांचे हप्ते थकलेल्या लोकांसाठी मदतीची योजना जाहीर केली होती. ज्या शेजाऱ्याने जास्तीचे न्हाणीघर असलेले घर घेतले आणि ज्याला आता देणी झेपत नाहीत, त्याचे हप्ते भरायला तुमच्यापैकी कोण तयार आहे, असे त्यांनी मागे वळून दलालांना विचारले आणि दलालांनी ‘नाही’चा गलका केला. मग त्यांनी ‘शिकागो टी पार्टी’ची कल्पना बोलून दाखवली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गावोगावी सभा सुरू झाल्या. पुढे ‘टी’ (TEA) या तीन इंग्रजी अक्षरांची फोड ‘आता पुरे झाला कर’ अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांत करण्यात आली.

या रागात तथ्याचा अंश होता आणि तो तुम्ही मनोमन मान्य केल्याशिवाय तुमच्या विनोदाला वजन येणार नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये, म्हणजे बुश यांच्या कारकिर्दीत, बँका वाचवण्यासाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंतच्या खर्चाचा कायदा झाला होता. ज्यांच्या चुकांमुळे बाजार कोसळला त्यांनाच सार्वजनिक तिजोरीतून आधार मिळाला, हे पाहून सामान्य माणसाचे डोके फिरले, तर त्यात हसण्यासारखे काही नाही. हसण्यासारखे आहे ते पुढे: हा राग बँकांवरून सरकून थकबाकीदार शेजाऱ्यावर आणि सरसकट करावर कसा गेला, आणि त्याची सुरुवात दलालांनी भरलेल्या बाजारातून कशी झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणजे काय, याचे इतके सरळ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

दुसरी पायरी: दावा आणि वस्तुस्थिती यांतली फट शोधा

प्रहसनाचा जीव या फटीत असतो. टी पार्टीच्या बाबतीत अशा फटी अनेक आहेत, पण सगळ्या एकदम वापरू नयेत. एका प्रयोगाला एक फट पुरे होते. नवोदितांनी पुढच्या चारांपैकी एक निवडावी.

पहिली फट प्रत्यक्ष कराची आहे. १७ फेब्रुवारी २००९ रोजी, म्हणजे सँटेलींच्या भाषणाच्या दोन दिवस आधी, ७८७ अब्ज डॉलरच्या अर्थव्यवस्था सावरण्याच्या कायद्यावर ओबामांची सही झाली. त्यात नोकरदारांसाठी करसवलत होती: एकट्याला ४०० डॉलरपर्यंत, जोडप्याला ८०० डॉलरपर्यंत. ही सवलत धनादेशाने न देता पगारातून होणारी करकपात कमी करून देण्यात आली आणि कपातीचे नवे तक्ते १ एप्रिल २००९ पर्यंत लागू व्हायचे होते. म्हणजे १५ एप्रिलला, विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, गावोगावी ‘कर पुरे’ म्हणत जमलेल्यांपैकी बहुतेक नोकरदारांचा कर दोन आठवड्यांपूर्वीच कमी झालेला होता. आठवड्याला दहा डॉलरच्या आसपासचा फरक पगारपत्रकावर फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये सीबीएस आणि न्यूयॉर्क टाइम्स यांनी घेतलेल्या जनमत चाचणीत टी पार्टीच्या समर्थकांपैकी अवघ्या २ टक्के लोकांनी कर कमी झाल्याचे सांगितले आणि ४४ टक्के लोकांनी वाढल्याचे सांगितले. त्याच दोन संस्थांच्या एप्रिलमधल्या चाचणीत यांच्यापैकीच ५२ टक्के लोक म्हणाले की आपण स्वतः भरलेला प्राप्तिकर रास्त आहे. एवढ्या आकड्यांवर एक पूर्ण एकांकिका उभी राहते: नवरा सभेला निघाला आहे आणि बायको त्याचे पगारपत्रक हातात घेऊन दारात उभी आहे.

दुसरी फट मेडिकेअरची आहे. जुलै २००९ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील सिम्पसनव्हिल येथील सभेत एका गृहस्थाने प्रतिनिधी बॉब इंग्लिस यांना ठणकावले की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. वृद्धांसाठीची ही आरोग्यविमा योजना १९६५ पासून सरकारच चालवत आहे. इंग्लिस यांनी ते शांतपणे समजावून पाहिले, पण गृहस्थ ऐकेनात. पुढल्या वर्षी इंग्लिस पक्षांतर्गत निवडणुकीत पडले. हा किस्सा इतका वापरून झाला आहे की तो जसाच्या तसा सांगितला तर प्रेक्षक आधीच हसून मोकळे होतात. वापरायचाच असेल तर त्या गृहस्थाच्या जागी उभे राहून वापरा. त्याला भीती आहे ती आपले औषधपाणी बंद होण्याची. ती भीती खरी आहे आणि ती कोणी घातली हा प्रहसनाचा प्रश्न आहे.

तिसरी फट मला सर्वांत प्रिय आहे. १२ सप्टेंबर २००९ रोजी टी पार्टीचा मोठा मोर्चा वॉशिंग्टनला आला. मोर्चानंतर टेक्ससचे प्रतिनिधी केव्हिन ब्रेडी यांनी तिथल्या मेट्रो व्यवस्थेला पत्र लिहून तक्रार केली की मोर्चेकऱ्यांसाठी पुरेशा गाड्या सोडल्या नाहीत आणि काहींना पदरमोड करून टॅक्सीने जावे लागले. ज्या कायद्यात सार्वजनिक वाहतुकीसाठी पैसा होता, त्याच अर्थव्यवस्था सावरण्याच्या कायद्याविरुद्ध ब्रेडी यांनी फेब्रुवारीत मत दिले होते. यात कोणाला मूर्ख म्हणावे लागत नाही. दोन कागद शेजारी ठेवले की काम होते.

चौथी फट मोर्चा ज्या शहरात आला त्या शहराचीच आहे. वॉशिंग्टनच्या सुमारे सात लाख रहिवाशांना संघराज्याचे सर्व कर भरावे लागतात, पण प्रतिनिधिगृहात त्यांच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा अधिकार नाही आणि सिनेटमध्ये त्यांचा कोणीच नाही. म्हणून २००० सालापासून त्या शहराच्या गाड्यांच्या नंबरपट्टीवर ‘प्रतिनिधित्वाविना कर’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापली जाऊ लागली. बोस्टनची घोषणा घेऊन आलेले मोर्चेकरी त्या गाड्यांच्या रांगांमधून चालत गेले. आपल्यातल्या एच-वन-बी व्हिसावरच्या मंडळींनाही ही फट जवळची वाटेल. पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी मिळून ७.६५ टक्के कापले जातात आणि मत मात्र नसते. तरीही ही मंडळी बंदरात पेट्या टाकायला जात नाहीत, ती हिरव्या कार्डाच्या रांगेत उभी राहतात. मराठी मंडळात या विषयावर प्रयोग असेल, तर निवेदक म्हणून असाच माणूस घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो.

तिसरी पायरी: नेम कोणावर धरायचा ते ठरवा

आधी काय टाळायचे ते सांगतो, कारण बहुतेक प्रहसने येथेच बिघडतात.

अशुद्ध लेखनावर विनोद करू नयेत. ‘मूर्खांनो, डोके वापरा’ अशा अर्थाच्या, आणि ‘मूर्ख’ हाच शब्द चुकीचा लिहिलेल्या फलकाचे छायाचित्र आजही टी पार्टीच्या नावावर खपवले जाते. ते छायाचित्र २००३ सालचे, इराक युद्धाच्या समर्थकांच्या जमावातले आहे. टी पार्टी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पण छायाचित्र खरे असते तरी मी हेच म्हटले असते. माझ्या सुरुवातीच्या एका प्रहसनात मी अशाच फलकांची माळ लावली होती आणि सभागृह पोट धरून हसले होते. प्रयोगानंतर मुलाकडे राहायला आलेल्या एक वयस्कर काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “अरे, परवा दुकानात माझं बोलणं ऐकून ती काउंटरवरची मुलगी अशीच हसली होती बघ.” त्यांनी आवाज चढवला नव्हता. ती माळ मी त्याच रात्री काढून टाकली, आणि काढल्यावर लक्षात आले की पाच मिनिटांच्या त्या भागात कराविषयी एकही वाक्य नव्हते.

चहाच्या पुडीवरून झालेला अश्लील विनोदही टाळावा. सुरुवातीच्या दिवसांत आंदोलकांनी प्रतिनिधींना चहाच्या पुड्या पाठवल्या आणि त्यावरून तयार झालेल्या एका शब्दाचा इंग्रजीत असभ्य अर्थ आहे. २००९ च्या एप्रिलमध्ये दूरचित्रवाणीवरचे मोठमोठे निवेदक त्यावर आठवडाभर हसत होते. त्यातून आंदोलकांना एवढेच कळले की शहरातले शिकलेले लोक आपल्याला तुच्छ मानतात, आणि पुढची सभा भरवायला त्यांना ते कारण पुरले.

वेश बदलून त्यांच्या सभेत घुसणे आणि मुद्दाम द्वेषाचे फलक धरणे हे तर कधीच करू नये. २०१० च्या एप्रिलमध्ये काही विरोधकांनी अशी योजना जाहीर केली होती. त्यामुळे सभेत खरोखरच कोणी वंशद्वेषाचा फलक धरला, तरी तो घुसखोराचा आहे असे म्हणायला आयोजक मोकळे झाले. थट्टा करणाऱ्याने खोटा पुरावा तयार केला की त्याच्या खऱ्या पुराव्यालाही किंमत राहत नाही.

मग नेम कोणावर? ज्याच्याकडे ध्वनिक्षेपक आहे, ज्याला या रागाचा फायदा होतो आणि ज्याला खरे आकडे माहीत असूनही तो ते सांगत नाही, त्याच्यावर. नेते, वाहिन्यांवरचे वक्ते, आंदोलनाला पैसा आणि यंत्रणा पुरवणाऱ्या संस्था. सभेत उन्हात उभा असलेला निवृत्त माणूस तुमचा प्रेक्षक आहे. त्याला ओशाळवाणे करून घरी पाठवलेत तर तो तुमच्या पुढच्या प्रयोगाला येणार नाही.

चौथी पायरी: रूप निवडा

रूपांची यादी देत बसण्यापेक्षा एका प्रसंगाजवळ थांबतो, कारण त्यात सगळे शिकण्यासारखे आहे. १५ एप्रिल १९९८, बोस्टन. रिपब्लिकन नेते डिक आर्मी आणि बिली टॉझिन यांनी बंदरातल्या ऐतिहासिक जहाजाच्या प्रतिकृतीवर वार्ताहरांना बोलावले होते. ‘करसंहिता’ असे लिहिलेली एक मोठी पेटी ते १७७३ च्या थाटात पाण्यात फेकणार होते. श्रीमंत आणि गरीब यांना एकाच दराने प्राप्तिकर लावावा ही आर्मी यांची मागणी, तर प्राप्तिकराऐवजी देशभर विक्रीकर आणावा ही टॉझिन यांची. पेटी उचलली जाणार तेवढ्यात जहाजाखाली एक लहानशी होडी वल्हवत आली. तिच्यावर ‘कष्टकरी कुटुंबाची जीवननौका’ अशा अर्थाची पाटी होती आणि आत साध्या कामगारांच्या वेशातली दोन माणसे आणि एक प्लास्टिकचे बाळ होते. तुमचा एकसारखा कर आमच्यासारख्या कुटुंबांना बुडवील, असे ती ओरडू लागली. ती युनायटेड फॉर अ फेअर इकॉनॉमी या संस्थेची माणसे होती. वर दोन्ही नेते पेटी धरून घुटमळले. फेकावी तर खालचे कुटुंब बुडते आणि न फेकावी तर कॅमेऱ्यांसमोर कार्यक्रम फसतो. शेवटी त्यांनी पेटी फेकली आणि होडी उलटली. बातमी होडीची झाली.

या प्रसंगात काय काय आहे ते नीट पाहा. नेत्यांनी निवडलेलीच प्रतिमा, म्हणजे बंदर, जहाज, पेटी, विरोधकांनी जशीच्या तशी वापरली आणि तिच्यात एकच नवी वस्तू ठेवली. एकही शिवी नाही. संवाद एका वाक्याचा. आणि शेवट स्वतः नेत्यांच्याच हातून घडवून घेतला. आपल्या भारुडात सोंग घेऊन आलेला माणूस मुद्दा समजावून सांगत बसत नाही, तो ते सोंग वावरून दाखवतो आणि अर्थ लोकांच्या आपोआप लक्षात येतो. बोस्टनच्या बंदरातली ती होडी त्याच जातीची आहे. पुढे हेच आर्मी फ्रीडमवर्क्स या संस्थेचे अध्यक्ष म्हणून टी पार्टीच्या सभांमागे उभे होते, म्हणून हा प्रसंग आपल्या विषयाचा पूर्वरंग म्हणून रंगमंचावर आणता येतो.

दुसरे उपयोगी रूप श्रीमंताच्या सोंगाचे आहे. ‘बिलियनेअर्स फॉर बुश’ या मंडळींनी २००४ च्या सुमारास झुलते झगे, उंची कोट आणि खोट्या हिऱ्यांचे मुकुट घालून रस्त्यावर उभे राहण्याची पद्धत रूढ केली. करदिनी पोस्टाबाहेर विवरणपत्र टाकायला आलेल्या सामान्य लोकांना थांबवून ‘आमच्या वाटचा कर भरल्याबद्दल आभार’ मानणे हा त्यांचा एक प्रयोग होता. टी पार्टीच्या काळात याच धर्तीचे गट आरोग्यविम्याच्या प्रश्नावर उभे राहिले. नवोदितांसाठी हे रूप सोपे आहे, कारण त्यात सामान्य माणसाचा मान राखला जातो आणि चेष्टा त्याच्या डोक्यावरून वरच्या मजल्याकडे जाते. आंदोलक आधीच त्रिकोणी टोप्या आणि अठराव्या शतकातले कोट घालून येतात, तेव्हा तुम्ही त्यांच्याहून विचित्र वेश करण्यात काही साधत नाही. नीटनेटका, महागडा दिसणारा वेश उठून दिसतो.

या रूपाचा एक धोका आहे. २००९ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना असे दिसले होते की पुराणमतवादी आव आणून बोलणाऱ्या दूरचित्रवाणीवरच्या विनोदवीर स्टीफन कोलबेअर यांचे विडंबन पाहताना पुराणमतवादी प्रेक्षकांचा कल ‘हा माणूस मनातून आमच्याच बाजूचा आहे’ असे मानण्याकडे होता. म्हणून सोंग घेतलेल्या पात्राशेजारी साध्या भाषेत खरे बोलणारे दुसरे पात्र अवश्य ठेवावे. बतावणीतल्या जोडीसारखी ही रचना मराठी नटांच्या अंगवळणी लवकर पडते.

पाचवी पायरी: वाक्य घडवा

मेट्रोच्या प्रसंगावर फलक करायचा आहे असे समजा. पहिला खर्डा बहुधा असा उतरतो: “सरकार नको म्हणता, मग सरकारी गाडीने कशाला आलात?” हे भांडण आहे. वाचणारा लगेच उत्तर देतो की मी तिकीट काढले होते, आणि त्याचे उत्तर बरोबर असते. दुसरा खर्डा: “फुकट्यांनो, चालत जा!” हा तर मोर्चेकऱ्याला दिलेला धक्काच आहे आणि शिवाय खोटाही आहे. तिसरा खर्डा मी असा करीन: “सरकार कमी करा. पण त्याआधी घरी जायला एक जादा गाडी सोडा.” येथे बोलणारा मोर्चेकऱ्यांच्याच बाजूला उभा आहे, त्यांचीच मागणी मांडतो आहे आणि दोन वाक्यांच्या मधल्या जागेत विसंगती आपोआप उघडी पडते. वाचणाऱ्याला ती स्वतः सापडली की तो हसतो. तुम्ही बोट दाखवून सांगितलीत तर तो वाद घालतो.

लहान वाक्याचे सामर्थ्य किती असते याचे एक उदाहरण लक्षात ठेवावे. फेब्रुवारी २०१० मध्ये नॅशव्हिल येथे टी पार्टीचे अधिवेशन झाले, त्याचे पूर्ण तिकीट ५४९ डॉलर होते. मुख्य वक्त्या, रिपब्लिकन नेत्या सेरा पेलिन यांच्या तळहातावर मुद्दे लिहिलेले कॅमेऱ्यांना दिसले. त्यांत ‘अंदाजपत्रकातील कपात’ मधला ‘अंदाजपत्रक’ खोडून ‘कर’ केलेले होते. तीन दिवसांनी व्हाइट हाउसचे प्रवक्ते रॉबर्ट गिब्स यांनी वार्ताहरांना आपला तळहात दाखवला. त्यावर अंडी, दूध आणि पाव यांच्या खाली ‘आशा’ आणि ‘बदल’ हे ओबामांच्या प्रचारातले शब्द लिहिले होते. हशा झाला, पण माझ्या मते गिब्स यांनी हातची संधी घालवली. खोडलेल्या शब्दात सगळा मुद्दा होता: अंदाजपत्रकातील खर्च कमी करण्याची भाषा अवघड असते आणि कर कमी करण्याची सोपी असते, म्हणून पहिली खोडली जाते आणि दुसरी उरते. तळहातावर लिहिणे ही गंमत आहे, पण काय खोडले ही बातमी आहे. लिहिताना नेहमी दुसरी उचलावी.

सहावी पायरी: मराठीत आणताना

‘टी पार्टी’चे भाषांतर करू नये. ‘चहापान’ म्हटले की महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या पूर्वसंध्येचे सरकारी चहापान आणि त्यावर विरोधकांनी घातलेला बहिष्कार आठवतो, आणि ‘चहापाणी’ म्हटले की टेबलाखालून सरकवलेले पाकीट. या दोन्ही अर्थांवर एखादी कोटी होऊ शकते, पण ती निवेदकाच्या पहिल्या मिनिटात उरकून टाकावी, नाही तर सबंध प्रयोगभर प्रेक्षक बोस्टनऐवजी मंत्रालयात फिरत राहतो. १९३० च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाशी तुलना करण्याचा मोहही अनेकांना होतो. तेथे कर लावणाऱ्या सरकारला मतपेटीतून उलथता येत नव्हते. २००९ च्या आंदोलकांना ते येत होते आणि पुढच्याच वर्षी त्यांनी निम्मे तसे करूनही दाखवले. हा फरक सांगायचा असेल तरच तुलना करावी.

सातवी पायरी: रस्त्यावर उतरताना

सभागृहातला प्रयोग असेल तर ही पायरी ओलांडून पुढे जावे. उघड्यावर उभे राहायचे असेल तर जागेचे नियम आदल्या आठवड्यात वाचावेत. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलसारख्या ठिकाणी पंचवीसपेक्षा जास्त माणसे जमणार असतील तर नॅशनल पार्क सर्व्हिसचा परवाना लागतो. १५ एप्रिल २००९ रोजी टी पार्टीवाल्यांनी व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट उद्यानात दहा लाख चहाच्या पुड्या ओतण्यासाठी भाड्याचा ट्रक आणला होता आणि त्या कामाचा परवाना नसल्याने तो माल परत न्यावा लागला. तुमच्यावर तीच वेळ येऊ देऊ नका. खाजगी मॉलच्या आवारात फलक धरण्याचा हक्क तुम्हाला बहुतेक ठिकाणी नसतो. फलकाला जाड दांडा अनेक शहरांत चालत नाही, म्हणून पुठ्ठा हातात धरण्याजोगा करावा आणि अक्षरे पंधरा पावलांवरून वाचता येतील एवढी मोठी काढावीत.

व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. मत मांडण्याचे स्वातंत्र्य तुम्हाला आहे, पण हिरवे कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाने कोणत्याही निवडणूक प्रचाराला पैसे देणे कायद्याने मना आहे. म्हणून प्रयोगानंतर फिरवलेली टोपी एखाद्या उमेदवाराच्या निधीसाठी फिरवली जात नाही ना, याची खात्री करून घ्यावी. काही शंका असेल तर त्या दिवशी रस्त्यावर न जाता लेखनाचे काम आपल्याकडे घ्यावे. ते कमी महत्त्वाचे नाही.

आठवी पायरी: प्रयोगानंतर

प्रयोग संपला की कोणी तरी तावातावाने जवळ येतेच. त्यांच्यासाठी खिशात एक कागद ठेवावा, ज्यावर तुम्ही वापरलेला प्रत्येक आकडा, त्याचे वर्ष आणि तो कोठे वाचला ते लिहिलेले असेल. समोरचा कर जास्त असल्याचे म्हणाला, तर आधी त्याला त्याचा अनुभव सांगू द्यावा. त्याच्या राज्याचा विक्रीकर किंवा घरपट्टी खरोखरच वाढलेली असू शकते, आणि तुमचे आकडे फक्त संघराज्याच्या प्राप्तिकराचे असतात. बोलण्याच्या ओघात तुमचा एखादा आकडा चुकीचा निघाला, तर तेथेच कागदावर खूण करावी, आणि पुढच्या प्रयोगापूर्वी ते वाक्य संहितेतून काढावे, त्यावर कितीही मोठा हशा आलेला असला तरी.